सह्याद्री खरेच ढग अडवतो का?

सह्याद्री ढग अडवतो, म्हणून कोकणात धो धो पाऊस आणि घाटमाथ्यापलीकडे ठणठणाट, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. यातले निरीक्षण खरे आहे, कारण मात्र चुकीचे. ढग खरोखर अडले असते, तर जुलैत पुणे-साताऱ्याचे आभाळ निरभ्र दिसले असते. प्रत्यक्षात तिथे दिवसेंदिवस मळभ असते, ढग पूर्वेकडे पळत असतात आणि पडतो तो नुसता भुरभुर पाऊस. डोंगराचे काम वेगळेच आहे: तो समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढायला लावतो. वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते आणि त्यात स्वतःचीच उष्णता खर्चून थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते. ढगातली हवा त्याहून सावकाश, कारण बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते. गरम हवा वर जाते तर महाबळेश्वर थंड कसे, या नेहमीच्या शंकेचे उत्तरही या प्रसरणातच आहे. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईत तो हजारही भरत नाही. माथा ओलांडून उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, थेंब विरतात. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच.

यावर कोणी विचारेल, मग घाटापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गोंदिया-गडचिरोलीत सोलापूरपेक्षा कितीतरी जास्त पाऊस कसा? तिथे हवा चढते ती बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. चहूबाजूंची हवा मध्याकडे धावते आणि तिला वरच वाट उरते. वळवाच्या वेळी हेच काम तापलेली जमीन करते. लिंबाएवढी गार हवेत तोलून धरायला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने वर उसळणारा झोत लागतो. पण म्हणून 'ऊन कडक, तर पाऊस नक्की' हेही खरे नाही. हवेत बाष्प नसेल किंवा वरचा थर उबदार असेल, तर वर निघालेली हवा मध्येच थांबते आणि ढग वाढत नाही.

तेव्हा आभाळ भरून आले एवढ्यावरच पेरणीची घाई करू नये; हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहूनच तिफण धरावी.