पोरांचं शूटिंग आणि आपण

सभासद बंधूंनो,

नागपूरला शिकायला धाडलेलं पोर गाण्याचं शूटिंग करतंय म्हटलं, की आपल्या कपाळाला आठी पडते. पण त्या दिवशी काय घडतं ते पाहा. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं. तेच पुन्हा पुन्हा वाजवून तुकड्या-तुकड्यांनी चित्रण होतं. एकाचा ठेका चुकला, की साऱ्यांना पुन्हा उभं राहावं लागतं. तोड, वाहतूक, गाळप यांचा मेळ न बसल्यास काय होतं, हे आपण जाणतोच!

नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ (२०२२) नागपुरातच चित्रित केला. त्यातला इथला अंकुश गेडाम २०२३ साली पदार्पणाच्या फिल्मफेअर पुरस्काराचा मानकरी ठरला. सगळ्यांचंच असं होत नाही. अभ्यास बुडता कामा नये, हेही खरं. तरी रागावण्याआधी पोराला एवढं विचारा, “बाबा, त्यात तुझं काम कोणतं?”