सोन्याच्या डोंगरात

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया हे राज्य आहे. त्याच्या पूर्व भागात सिएरा नेवाडा हा उत्तुंग पर्वत पसरला आहे. त्याच्या पश्चिम उतारावर हिंडणाऱ्या प्रवाशाला जागोजागी जुन्या खाणी आढळतात. चला, त्यांपैकी काही स्थळे आपण पाहू या.

पहिले स्थळ कोलोमा. अमेरिकन नदीच्या काठी येथे जॉन सटर याची लाकूड कापण्याची गिरणी उभी राहत होती. २४ जानेवारी १८४८ रोजी गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल या सुताराला पिवळे कण चकाकताना दिसले. ते सोने होते! ही वार्ता वणव्यासारखी पसरली आणि काही वर्षांतच सुमारे ३ लाख माणसे कॅलिफोर्नियात लोटली. नदीची वाळू परातीत घेऊन ती पाण्यात घोळवीत. हलकी वाळू वाहून जाई व जड सोने तळाशी राही. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातील धुळीतून सोने काढीत, तीच ही युक्ती.

कोलोमाच्या उत्तरेस ग्रास व्हॅली येथे एम्पायर खाण आहे. १८५० ते १९५६ पर्यंत तेथे खडक फोडून सोने काढले जात असे. त्या खाणीच्या भुयारांची एकूण लांबी सुमारे ५९० किलोमीटर आहे.

त्याहून पुढे मालाकॉफ येथे तांबूस-पिवळे कडे दिसतात. देखावा मनोहर खरा; पण हे कडे निसर्गाने घडविलेले नाहीत. पाण्याचे प्रचंड फवारे मारून माणसांनी येथील डोंगर पोखरला. तो गाळ नद्यांत साचला, पात्रे उथळ झाली आणि पुराने सपाटीवरील शेते बुडाली. अखेर शेतकऱ्यांची बाजू मान्य करून १८८४ मध्ये न्यायालयाने नद्यांत गाळ सोडण्यास बंदी केली.

या खोऱ्यांतील मूळ रहिवाशांना मात्र असा न्याय मिळाला नाही. त्यांची भूमी बळकावली गेली. रोगराई, उपासमार आणि कत्तली यांत हजारो लोक प्राणास मुकले.

परतताना कोलोमाच्या टेकडीवर थांबावे. तेथे मार्शलचा पुतळा आहे. सोने सापडले त्या जागेकडे तो बोट दाखवीत आहे. त्याच पुतळ्याखाली त्याची समाधी आहे. ज्याला प्रथम सोने दिसले, तो मार्शल १८८५ मध्ये दारिद्र्यात मरण पावला. त्याने दाखविलेल्या जागी नदी आजही वाहत आहे. तिच्याकडे पाहताना मनात येते, की सोन्याचे मोल वजनाने ठरते. पण त्यासाठी काय गमावले, हे कोणत्या तराजूने मोजावे?