बंदूक कोणाच्या खांद्यावर शोभते?

जेऊरमध्ये (ता. करमाळा) तरुणांच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला. गावातल्या बड्या बागायतदाराच्या खांद्यावर परवान्याची बंदूक दिसली तर काय वाटतं? उत्तर आलं, "शान." आणि बौद्ध वस्तीतल्या माणसाकडे दिसली तर? एक जण म्हणाला, "आधी पोलीस येतील." बंदूक तीच, फक्त जात बदलली.

अमेरिकेत हेच वर्णाबाबत घडते. तिथल्या गोऱ्या नागरिकांवरील २०१३ च्या एका अभ्यासात, वर्णद्वेष जास्त असलेल्यांच्या घरी बंदूक असण्याची आणि त्यांचा बंदूक नियंत्रणाला विरोध असण्याची शक्यता जास्त आढळली. पण ब्लॅक पँथर्स उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून त्यावर बंदी घातली. १९५६ मध्ये घरावर बॉम्बहल्ला झाल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी मागितलेला परवानाही नाकारला गेला होता.

आपला इतिहास वेगळा नाही. महार सैनिक कोरेगावात लढले, तरी पुढे 'लढाऊ जमाती'च्या सिद्धांताखाली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. शस्त्र कोणाला शोभते, हे शौर्यावर नाही, जातीवर ठरले.

म्हणूनच ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज वाटल्यास बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे जमा करता येतात. बेकायदा शस्त्रे जप्त करायची असतात. आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना परवाना देता येतो.

घरोघरी बंदुका याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. बुद्धाच्या मार्गावर चालणाऱ्यांना हिंसेचे आकर्षण नसावे. पण धाक दाखवणाऱ्याकडे परवाना आणि धाकात जगणाऱ्याकडे नुसता तक्रार अर्ज, याला अहिंसा म्हणत नाहीत.

नियम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा व्हायला हवी. माहिती अधिकारात तिची इतिवृत्ते मागा. आपला भाग अत्याचारप्रवण घोषित आहे का, नियम ३ खाली किती परवाने तपासले, किती रद्द केले, हे लेखी विचारा. एका अर्जाने सुरुवात करू या.

जय भीम!