काढलेल्या दाढेचे दुखणे : शब्द आणि लक्षण

दाढ काढून तीन-चार दिवस लोटले तरी रुग्ण ‘दाढ दुखते’ असेच म्हणतो. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. मात्र त्यातील कर्ता आता तोंडात उरलेला नसतो. दुखते ती रिकामी खाच, तिच्या भोवतालची हिरडी अथवा जबड्याचे हाड. ‘दुखणे’ हे क्रियापद इतके व्यापक आहे की, दंतवैद्याला त्यावरून फारसा बोध होत नाही. मेलझॅक व टॉर्गर्सन यांनी १९७१ मध्ये इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्दांचे वर्गीकरण केले आणि त्या पायावर मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅक्गिल वेदना-प्रश्नावली सिद्ध केली. शब्दांवरून वेदनेची जात ओळखण्याचा हा प्रयत्न होता. या बाबतीत मराठीचे भांडार मुळीच तोकडे नाही. ते वापरले जात नाही, इतकेच.

दात काढल्यावर खाचेत रक्ताची गुठळी धरते. ती उघड्या हाडावरचे आच्छादन असून तिच्याच आधाराने जखम भरून येते. आरंभी ही जागा ठसठसते, हुळहुळते. सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढतेही. पण दुखण्याचा कल उतरता असावा लागतो. ते ओसरू लागल्यावर तिसऱ्या दिवसाच्या आसपास पुन्हा उसळले, ठणका लागला, कानाकडे कळा जाऊ लागल्या, तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निसटून वा विरघळून हाड उघडे पडले असण्याचा संभव असतो. या विकाराला क्रॉफर्ड याने १८९६ मध्ये ‘ड्राय सॉकेट’ हे नाव दिले. खालची अक्कलदाढ काढल्यावर तो विशेष आढळतो, आणि धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो. पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरू नये, असे सांगतात ते गुठळी टिकावी म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच तोंड धुण्यास हरकत नसते. दंतवैद्य अशी खाच धुऊन तीत औषधी पट्टी बसवितो. तिच्यात पुष्कळदा युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातील प्रमुख द्रव्य असते. (यावरून घरच्या घरी खाचेत लवंगेचे तेल ओतावे असे मात्र कोणी समजू नये, निर्भेळ तेलाने हिरडी भाजते.) ‘काल बरे होते, आज पहाटेपासून ठणका आहे, कळ कानापर्यंत जाते’ एवढ्या एका वाक्याने दंतवैद्याचे निम्मे काम होते.

‘बधिर’ आणि ‘मुंग्या येणे’ यांची गोष्ट वेगळी. हे वेदनेचे शब्द नव्हेत. म्हणून ‘दुखते का?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहून जाते. सुईची बधिरता काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशीही ओठ, हनुवटी वा जीभ बधिर असेल, तर दाढेजवळून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाली असण्याची शक्यता असते. ती बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते. तथापि तिची नोंद लवकर व्हावयास हवी.

‘दातखीळ बसणे’ हा प्रयोग आपण एरवी लाक्षणिक अर्थाने करतो. येथे तो शब्दशः खरा ठरतो. दाढ काढल्यावर काही दिवस तोंड पुरते न उघडणे स्वाभाविक आहे. परंतु ही खीळ वाढत जाऊन ताप आला, जबड्याखाली सूज पसरली, गिळणे वा श्वास घेणे जड जाऊ लागले, तर ते सोसण्याचे दुखणे नव्हे. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.