ग्रामीण अमेरिकेतील दूरस्थ व्यसनोपचार

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील ओपिऑइड-व्यसनग्रस्त रुग्णांवर दूरध्वनी अथवा दृक्‌श्राव्य संपर्काद्वारे केल्या जाणाऱ्या उपचारांस दूरस्थ व्यसनोपचार म्हणतात. हेरॉइन, फेंटानिल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली काही तीव्र वेदनाशामके ओपिऑइड या वर्गात मोडतात.

पार्श्वभूमी

या व्यसनावर मुख्यतः मेथाडोन व ब्यूप्रेनॉर्फिन ही औषधे दिली जातात. त्यांमुळे नशेची ओढ आटोक्यात राहते आणि मृत्यूचा धोका घटतो. मेथाडोन केवळ परवानाधारक केंद्रांतच मिळते आणि आरंभी बहुधा रोज तेथे जाऊन घ्यावे लागते. ही केंद्रे प्रामुख्याने शहरांत असल्याने अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ प्रदेशातील रुग्णाला एका मात्रेसाठी दिवसातील काही तास प्रवासात घालवावे लागत. अशा स्थितीत नोकरी टिकवणे दुरापास्तच. लहान गावात केंद्राबाहेर उभी असलेली गाडी कोणाची, हेही सर्वांना ठाऊक असते.

ब्यूप्रेनॉर्फिनला २००२ साली मान्यता मिळाली. हे औषध डॉक्टर स्वतःच्या दवाखान्यातून लिहून देऊ शकत, परंतु त्यासाठी विशेष परवानगी लागे. अशी परवानगी घेतलेला एकही डॉक्टर नसलेल्या ग्रामीण काउंटींची संख्या मोठी होती. ही अट डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.

न्यू मेक्सिको विद्यापीठातील भारतीय वंशाचे डॉक्टर संजीव अरोरा यांनी २००३ साली ‘प्रोजेक्ट एको’ हा उपक्रम यकृतदाहाच्या (हेपटायटिस सी) उपचारांसाठी सुरू केला. पुढे त्यात व्यसनोपचाराचाही समावेश झाला. यात पडद्यासमोर रुग्ण नसतो, तर खेड्यातील डॉक्टर तज्ज्ञांकडून मार्गदर्शन घेतात.

कायदा आणि दूरध्वनी

रायन हेट या कॅलिफोर्नियातील तरुणाचा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामकांमुळे २००१ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या नावाने २००८ साली झालेल्या कायद्याने, किमान एकदा प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय नियंत्रित औषधे इंटरनेटद्वारे लिहून देण्यास मनाई केली. हेतू रास्त होता; मात्र दूरच्या रुग्णांसाठी तीच तपासणी अडसर ठरली.

कोविड-१९ साथीत, मार्च २०२० मध्ये, ही अट शिथिल झाली आणि केवळ दूरध्वनीवरील संभाषणानंतरही ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करण्याची मुभा मिळाली. चित्रसंवादाला वेगवान इंटरनेट लागते, साध्या दूरध्वनीला ते लागत नाही. त्यामुळे दुर्गम भागाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल हाच म्हणावा लागेल. वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथे तर रेडिओ दुर्बिणीसाठी लहरींवर निर्बंध असल्याने मोबाइलचे जाळेही तुटपुंजे आहे. तेथे तारेचा दूरध्वनीच उपयोगी पडतो. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमात प्रत्यक्ष भेटीविना, दूरध्वनीवरूनही, सहा महिन्यांपर्यंतचे ब्यूप्रेनॉर्फिन लिहून देण्याची तरतूद आहे.

मर्यादा

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटसाठी दरमहा ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी संघराज्य सरकारची योजना २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबांनी स्वीकारली होती. निधी संपल्याने ती जून २०२४ मध्ये बंद पडली. व्यसनोपचारास पूरक म्हणून २०१८ मध्ये मान्यता मिळालेले ‘रीसेट-ओ’ हे मोबाइल अ‍ॅप बनवणारी पेअर थेरप्युटिक्स ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. शिवाय औषध अखेरीस दुकानातूनच घ्यावे लागते, आणि ब्यूप्रेनॉर्फिन न ठेवणारी दुकाने आहेत. त्यापुढे दूरध्वनीचा इलाज चालत नाही.

भारतातील स्थिती

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने ‘एको’ पद्धतीने डॉक्टरांना व्यसनोपचाराचे प्रशिक्षण दिले आहे. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी समुपदेशन करते. मात्र मार्च २०२० मध्येच जारी झालेल्या भारतीय दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीतील औषधे दूरसंपर्काने लिहून देण्यास मनाई केली. ब्यूप्रेनॉर्फिन त्या सूचीत आहे.