बँक बुडते तेव्हा कोण भरतं?

२३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईतल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, मग खात्यात दहा हजार असोत की चाळीस लाख! ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. पण मूळ दुखणं वेगळंच होतं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकली होती आणि ती लपवायला हजारो बनावट कर्जखाती दाखवली होती. कर्जावर घरं उभी राहतात, दुकानं चालतात. पण सगळं कर्ज एकाच्या पदरात टाकलं की बँक बुडते.

मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली, तेव्हा मात्र स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातलं आणि पंधरवड्याच्या आत व्यवहार सुरळीत झाले. ठेवीदार वाचले, हे योग्यच. फक्त त्यातलं बरंचसं भांडवल सरकारी बँकेचं, म्हणजे शेवटी आपलंच. पीएमसीच्या खातेदारांना मात्र ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंतच मिळाले; त्यावरच्या मोठ्या रकमांसाठी पीएमसी दुसऱ्या बँकेत विलीन करण्याच्या २०२२ च्या योजनेत दहा वर्षांपर्यंतची मुदत आहे. या खातेदारांत निवृत्तीची पुंजी ठेवलेले कितीतरी जण आहेत.