काम संपले की जिरणारे कण

ऊस, दही आणि कोळंबीची टरफले यांचा औषधाशी काय संबंध, असे आम्हा कोल्हापूरकरांपैकी कुणीही विचारील. उसाची साखर जंतूंकडून आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळते; दह्याला आंबटपणा देतो तोच हा पदार्थ. त्याच्या रेणूंची लांब साखळी जोडली की एक पॉलिएस्टर तयार होते. कपड्यातले पॉलिएस्टर शरीरात जिरत नाही. हे मात्र पाण्याने हळूहळू तुटते. शस्त्रक्रियेतला आपोआप विरघळणारा टाका याच कुळातला.

नॅनो कण करण्याची कृती सोपी आहे. हे पॉलिएस्टर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवायचे व ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचे. ॲसिटोन पाण्यात मिसळते, पॉलिएस्टरला पाणी मानवत नाही, म्हणून त्याचे सूक्ष्म गोळे होतात. केसाच्या जाडीत असे चारेकशे सहज मावतील. टरफलांपासून काढलेला कायटोसान, म्हणजे शर्करांची साखळी, त्यांवर चढवला की ते नाकातल्या किंवा आतड्यातल्या ओलसर अस्तराला चिकटून राहतात.

अवघड आहे ते विरघळण्याची वेळ साधणे. साखळीत निम्मे ग्लायकॉलिक आम्ल घातले तर ती महिना-दोन महिन्यांत तुटते. लॅक्टिकचा वाटा वाढवला की जास्त टिकते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर रोज घ्यावे लागणारे इंजेक्शन १९८९ मध्ये अमेरिकेत महिन्यातून एकदाच घेण्याजोगे झाले, ते याच पॉलिएस्टरमुळे. कण तेवढे मोठे होते. पण कणांनी पहिल्याच दिवशी निम्मे औषध सोडले, तर शेवटच्या आठवड्यात रुग्णाला काय मिळणार? म्हणून कुणी कणांच्या बारीकपणाचे कौतुक सांगू लागला, की मी आधी रोज किती औषध सुटते याचा आलेख मागतो. आणि ॲसिटोन पुरते उडाले ना, हेही विचारतो.